साक्षीतून गाळलेलं नाव

काशीमावशी.

आधी हे नाव लिहितो, मग बाकीचं. ज्या दिवशी ते मोठ्यानं घ्यायला हवं होतं त्या दिवशी मी घेतलं नाही, आणि तेव्हापासून आजपर्यंत कुणाजवळच घेतलेलं नाही. आईजवळ नाही, पाळकसाहेबांजवळ नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत घ्यायला काय हरकत होती? तिथं ऐकणारा एकच — पण त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून तर जीभ उचलत नव्हती.

काशीमावशीनं मला जगवलं. हे पहिलं. मी काय केलं ते पुढं येईल, जरा उशिरा येईल. शाळा माझी पाचवीत सुटली. लिहिताना हात सावकाश चालतो. आणि खरं सांगू का — आज तो मुद्दामही सावकाश चालतोय.

मी माणचा. दहिवडीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, सगळा कोरडा माळ आणि मेंढरं. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. गावात तशी तीनच घरं. बाप मुंबईला गिरणीत गेला, आधी सणाला यायचा, मग येईनासा झाला. दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही तेव्हा गावाकडच्या पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, शब्द टाकला आणि मला सांगलीला धाडलं. तिथं मिशनच्या आवारात मुलांचं बोर्डिंग होतं, त्याच्या स्वयंपाकघरात माणूस हवा होता. एस.टी.त बसवताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "कुनाचं अन्न खाल्लंस तर उपकार इसरू नगंस."

मी विसरत नव्हतो. उलट फारच लक्षात ठेवायचो. भाकरी मिळाली की आभार, अंथरूण मिळालं की आभार. शिवी मिळाली तरी मनातल्या मनात आभारच — कारण शिवी देणारा ठेवून घेतो, हाकलणारा शिवी देत बसत नाही. आचारी सदाशिवमामा हसायचे. "शमू, चुलीलाबी थँक्यू म्हन रं, ती राह्यली," म्हणायचे. शमुवेल माझं नाव, सगळे शमू म्हणत. मीही हसायचो. पण आत सारखं धडधडायचं — उद्या परत पाठवलं तर? माळावर जाऊन काय करू? आईला काय तोंड दाखवू? मला तेव्हा वाटायचं ही कृतज्ञताच आहे. आता वाटतं, त्यातली भीती काढली असती तर खाली काय उरलं असतं?

काशीमावशी बोर्डिंगचे कपडे धुवायची. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात विहिरीला लागून तिची खोली होती, दाराशीच धुण्याचा मोठा दगड. नवरा वारलेला, पोरबाळ नाही. इस्लामपूरकडची. तिच्या वाड्यातल्या लोकांनी त्याआधी पाच-सहा वर्षं बौद्ध धर्म घेतला, तिनंही घेतला होता. घंटा झाली की आम्ही देवळात जायचो — चर्चला आम्ही देऊळच म्हणतो — ती धुणं आपटत राहायची. चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. मी आलो त्या दिवशी मला विहिरीत वाकून बघताना पाहून म्हणाली, "माणचा व्हय? बघ, बघून घे. आमच्याकडं पान्याला पानीच म्हंत्यात." सांगलीत आल्यावर पहिल्यांदा मी हसलो तो तेव्हा.

चीनची लढाई लागली ते साल. दिवाळी होऊन गेली होती. मला ताप भरला, पाठ मोडून यायची, आणि चौथ्या दिवशी तोंडावर पुटकुळ्या उठल्या. देवी. लहानपणी टोचणारा गावात आला तेव्हा मी माळावर पळालो होतो, आईनं मारलंसुद्धा होतं. आता ते आठवून काय उपयोग? दवाखान्यातून माणूस आला, त्यानं दारातूनच पाहिलं. सगळ्या मुलांना टोचलं आणि मला वेगळं ठेवा, कुणी जवळ जाऊ नका म्हणाला. बोर्डिंगच्या मागं जुना गाडीखाना होता, पूर्वी मिशनच्या साहेबांचा टांगा ठेवायचे तो. तिथं मला नेऊन टाकलं. सकाळ-संध्याकाळ सदाशिवमामा ताट आणून बाहेरच्या दगडावर ठेवत, लांबून हाक मारत आणि निघून जात.

मला उठवत नव्हतं. डोळे चिकटले होते. ताट ठेवल्याचा आवाज यायचा, हाक यायची, मग थोड्या वेळानं चाटल्याचा आवाज यायचा. आवारात एक तांबडा कुत्रा होता. तो खायचा. संध्याकाळी सदाशिवमामा रिकामं ताट उचलून नेत आणि आत सांगत की पोरगं जेवतंय, देवाची दया. मी आतून ओरडायचो असं मला वाटायचं. पण घशातून आवाज येत नसणार. आला असता तर कुणी आलं असतं — आलं असतं का?

काशीमावशीनं तो कुत्रा पाहिला. वाळत घातलेलं काढायला त्या बाजूला आली होती. ती सरळ आत आली. मला दिसत नव्हतं, नुसता आवाज ऐकला. "आरं लेकरा, कुत्रं जेवतंय की तुझ्या वाट्याचं." मी जवळ येऊ नकोस म्हणालो असेन, कारण ती हसली. "मला येऊन गेल्यात लहानपनीच. आता मला काय करत्यात?"

त्यानंतर ती गेलीच नाही. आपल्या खोलीला कुलूप घातलं आणि गाडीखान्यात राहिली. तीन दगडांवर पाणी उकळायची. त्यात जुन्या लुगड्याची चिंधी बुडवून माझे डोळे पुसायची, पुन्हा पुन्हा पुसायची, आणि मी हात वर नेला की हातावर चापट मारायची. "डोळं जपायचं. तोंडाचं काय, तोंडावर गेलं तर बायको जरा उशिरा मिळंल." ज्वारीच्या कण्यांची पेज चमच्यानं घालायची. घाण काढायची. मी आईला हाक मारली की "व्हय" म्हणायची.

त्या बाजूला कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळं ती तिथं आहे हे कुणालाच कळलं नाही. तिनंही कळू दिलं नाही. कळलं असतं तर तिला बाहेर काढलं असतं, आणि कपड्यांना हातही लावू दिला नसता. हात ती आपणहूनच लावत नव्हती — माझ्या अंगचं पोरांच्या कपड्यांना नको म्हणून. खोलीला कुलूप बघून सगळ्यांना वाटलं, काशी न सांगता गावाला गेली. आणि नाताळ तोंडावर आलेला! पोरांचे पांढरे सदरे, देवळाचे पडदे, टेबलावरचं कापड, सगळं साचून राहिलं.

माझ्या खपल्या पडायला लागल्या तेव्हा मी तिला विचारलं, मावशी, तुला रागावतील का?

ती म्हणाली, "तू बरा झालास का तूच सांग त्यास्नी. माझं कोन ऐकतंय? तुझं ऐकतील."

मी सांगतो म्हणालो. शपथ घेतली नाही, पण त्याहून जास्त — तिच्या हातातल्या चमच्यातली पेज गिळत गिळत म्हणालो.

आता देवळाकडं यायला हवं. टाळून किती टाळणार?

त्या वर्षी सांगलीच्या आमच्या पाळकसाहेबांनी ठरवलं होतं की नाताळाआधीच्या चार रविवारी नुसता उपदेश करायचा नाही. प्रत्येकानं उभं राहून साक्ष द्यायची — वर्षभरात देवानं माझ्यावर कोणता उपकार केला, तो सर्वांसमोर सांगायचा. ते म्हणत, उपकारबुद्धी आपोआप उगवत नाही. जमीन नांगरतात, ढेकळं फोडतात, तशी मनाची मशागत करावी लागते, आणि तिचा हंगाम म्हणजे नाताळ. मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं. लोक उठत. कुणाचा मुलगा आघाडीवरून जिवंत असल्याचं कळलं होतं, कुणाची लेक बाळंतपणातून उठली होती. उपकार छोटा असला तरी नाव-गाव सांगून बोला, असं पाळकसाहेबांचं सांगणं होतं.

नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी माझं नाव घेतलं. मी बाकाला धरून उभा राहिलो. तोंडावर खपल्यांच्या जागी लाल डाग होते. सगळे वळून बघत होते. आणि ऐका — मी तिचं नाव घेणार होतो. मनात वाक्य तयार होतं. सुरुवातही केली. म्हणालो, मी गाडीखान्यात होतो, माझं ताट बाहेर दगडावर ठेवत, पण मला उठवत नव्हतं —

एवढंच म्हणालो आणि समोर पाहिलं.

सदाशिवमामांचा चेहरा उतरला. बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट, त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो, त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मला कळलं की माझं पुढचं वाक्य कुठं जाणार आहे. मी काशीमावशीचं नाव घेतलं की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहणार — मग तुम्ही सगळे कुठं होता? आपली माणसं कुठं होती? देवळात न येणारी एक बाई आत गेली आणि देवळातलं कुणीच गेलं नाही? मी उपकार सांगायला उठलो होतो आणि ती फिर्याद होऊ लागली होती. ज्यांच्या हातात माझी भाकरी, त्यांच्याविरुद्ध फिर्याद.

मी वाक्य वळवलं.

म्हणालो, उठवत नव्हतं, तरी देवानं बळ दिलं आणि मी रोज जेवलो. माझ्यापाशी कुणी नव्हतं. एकटा देव होता.

आधी एक सुस्कारा ऐकू आला — सगळ्या देवळाचा मिळून एकच. मग कुणीतरी आमेन म्हणालं. मग बाया रडायला लागल्या. पाळकसाहेबांनी येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गीत सुरू केलं. मीही रडत होतो. लोकांना वाटलं, कृतज्ञतेनं. तुम्हाला काय वाटतं? मला आजही नक्की सांगता येत नाही. पण सुटलो, असं मात्र त्या क्षणी वाटलं होतं, एवढं आठवतं.

इथंच संपलं असतं तर हा नुसता खोटेपणा ठरला असता. पण ते तिथं संपलं नाही.

दुसऱ्याच दिवशी काशीमावशी कामावर आली. अंगावरून पाणी घेऊन, स्वच्छ लुगडं नेसून, आता माझं अंग साफ आहे म्हणून. गुरुजी तिच्यावर चिडलेले. ऐन नाताळात धुणं टाकून कुठं गेली होतीस? ती म्हणाली, पोरापाशी होते. गुरुजींनी मला बोलावून घेतलं. मी स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण ढवळत होतो, तसाच चिकट हातांनी गेलो. ती ओसरीच्या पायरीखाली उभी होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. आता हा सांगेल, झालं.

गुरुजी म्हणाले, "शमुवेल, ही म्हणते तुझ्यापाशी होती. तू तर देवळात म्हणालास कुणी नव्हतं. देवाला स्मरून सांग, खरं काय?"

एक शब्द. 'होती' एवढा एक शब्द. बाकी काही नको होतं. पण मग देवळातली साक्ष खोटी ठरत होती. आणि देवाच्या नावानं खोटी साक्ष देणाऱ्याला बोर्डिंगात कोण ठेवणार? मी बोटांवरचा गूळ पुसत राहिलो.

म्हणालो, "मला शुद्ध नव्हती, गुरुजी."

खोटंही नाही, खरंही नाही. असं वाक्य मला कसं सुचलं? मी पाचवी शिकलेला. भीती माणसाला फार हुशार करते.

काशीमावशीनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मला वाटलं ती आता सगळं बोलेल — कुत्रा, चिंधी, पेज. गाडीखान्यातले ते तीन काळे दगड दाखवले असते तरी पुरलं असतं. ती म्हणाली, "व्हय जी. शुद्ध न्हवती त्याला."

तिनं माझं वाक्य उचलून धरलं. आपलं काम जात असताना. मी पडू नये म्हणून.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं ती कामचुकारी झाकायला एका आजारी पोराचं नाव पुढं करतेय, तेही देवानं केलेल्या उपकारावर आपला हक्क सांगून. त्यांनी तिला जायला सांगितलं. त्याच संध्याकाळी, नाताळाच्या आदल्या दिवशी, तिनं खोली रिकामी केली. एक बोचकं, एक पितळी घागर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. मदतीला गेलो नाही. सदाशिवमामांनी विचारलं, "काशी चालली व्हय रं?" मी चुलीत जळण सारलं.

दुसऱ्या दिवशी नाताळ. पडदे कुणीतरी घाईनं धुतलेले, सुरकुतलेले. मी देवळात बसलो होतो, आणि येशूला जागा मिळाली नाही, गव्हाणीत ठेवलं, ते वाचन चालू होतं. मी मान वर केली नाही.

महिन्याभरानं ती खोली मला दिली.

होय. विहिरीजवळची. मी अजून तिथंच राहतो. बोर्डिंगातलं काम कायम झालं, वर देवळाची घंटाही माझ्याकडं आली. आई एकदा माणहून येऊन राहिली; पक्कं छप्पर आणि दारात पाणी बघून तिनं गुडघे टेकले, देवाचे आभार मानले, म्हणाली उपकार इसरू नगंस. धुण्याचा दगड दाराशी तसाच आहे. मी त्यावर बसत नाही. एवढंच काय ते मी केलंय तिच्यासाठी.

आणि दर नाताळाला मला साक्ष सांगायला लावतात. नवीन मुलं आली की पाळकसाहेब म्हणतात, आमच्या शमुवेलचं ऐका. 'एकट्या देवाची साक्ष' असं नावच पडलंय तिला. कोयनेचा भूकंप झाला त्या डिसेंबरात तर देवळातल्या प्रत्येकाजवळ स्वतःची साक्ष होती, आमच्या भिंतींना तडे गेले होते, तरी शेवटी माझीच मागितली. मी दिली. आता ती फार चांगली जमते मला. कुठं थांबायचं तेही कळतं. देवाचे आभार मी मनापासून मानतो हो — ते नाटक नाही. पण त्याचे आभार मानून तिचे बुडवता येतात, हे मला जमलं, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. देवाला कळलं असेल. तो त्या दिवसापासून माझे आभार कसे ऐकत असेल?

गेल्या वर्षी ती भेटली.

नाताळाच्या फराळासाठी गूळ आणायला मी इस्लामपूरला गेलो होतो. उसाचा हंगाम, रस्त्यानं कारखान्याच्या गाड्या. उसाच्या एका फडाच्या कडेला बाया वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, बांधत होत्या. एक म्हातारी सरळ उभी राहिली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. ती म्हातारी नव्हती खरं तर. सहा वर्षांत तशी झाली होती.

"शमू न्हवं का तू? लय भरलास की अंगानं." मग जवळ आली, हनुवटीला धरून माझं तोंड उन्हाकडं फिरवलं, आणि नीट बघितलं. "डोळं शाबूत हाईत न्हवं? दिसतंय न्हवं दोनीनी?"

इतकी वर्षं मी काय काय ठरवून ठेवलं होतं. पाय धरीन, सगळं बोलीन, तिला घेऊन जाईन. आणि तोंडातून काय आलं? जे दर वर्षी येतं तेच आलं. म्हणालो, "हो मावशी. देवाच्या कृपेनं."

तिनं हनुवटी सोडली. खाली वाकून वाढ्याची पेंढी उचलली, डोक्यावर घेतली, तोल सावरला.

"व्हय," ती म्हणाली. "त्यो हुताच की तितं." आणि वळता वळता, रागानं नाही, कुणाला वाट सांगावी तशा आवाजात म्हणाली, "मी बी हुते."

मी गुळाची ढेप घेऊन एस.टी.त बसलो. त्या रविवारी साक्ष दिली. तीच.

आज पुन्हा शनिवार आहे. उद्या नाताळाआधीचा शेवटचा रविवार; पाळकसाहेबांनी सांगून ठेवलंय. डोळे माझे दोन्ही चांगले आहेत, हे लिहिताना दिव्याची वातसुद्धा वर करावी लागली नाही. उद्या मी काय बोलेन ते मला माहीत नाही — म्हणजे माहीत आहे, आणि म्हणूनच आधी हे लिहून ठेवतोय. तुमच्याकडं काही मागायचं नाही. तिच्याकडं तर मुळीच नाही.

फक्त हे. मावशी, एक दिवस तुला त्या देवळात पहिल्या बाकावर बसवीन आणि त्याच जागी उभा राहून सांगेन की तू तिथं होतीस. त्यानंतर ही खोली राहो नाहीतर जावो. हे मी फेडीन. कधीतरी फेडीन.